ताईचे मार्क

मला इंग्रजी येत नाही असं मी कधीच कबूल केलं नव्हतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग भिवंडीच्या कॉलेजात बी.कॉम., आणि तोंडात चार-पाच वजनदार इंग्रजी शब्द कायम तयार. तेवढ्यावर गावात माझं व्यवस्थित भागत होतं. खारबावच्या स्टेशनापासून आमचं गाव चालत वीस मिनिटं. तेवढ्या टापूत कुणाला बँकेचा फॉर्म भरायचा असला की माझ्या नावानं हाक यायची आणि मी शर्टाच्या खिशाला पेन लावून निघायचो. त्यामुळे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा भीती होती ती गणिताची.

झालं उलटंच. पहिल्या सराव परीक्षेत गणितानं तारलं आणि इंग्रजीनं पार आडवं केलं. चोवीस प्रश्न, त्यातले सात बरोबर. ह्या भागाला सगळे 'व्हर्बल' म्हणतात. मला वाटलं होतं की व्याकरण विचारतील, शब्दांचे अर्थ विचारतील, पाठ करून टाकू. पण तिथे एक लांबलचक उतारा देतात आणि विचारतात की लेखकाला मनातून काय म्हणायचंय, तो कुणावर नाराज आहे, खालचं कुठलं विधान त्याला पटणार नाही. खाली चार पर्याय. त्यातले दोन चूक असल्याचं शेंबडं पोरही सांगेल, आणि उरलेले दोन्ही बरोबर वाटतात. मी नेमका त्यातला चुकीचा उचलायचो. पुढे पुढे तर मला एक बरोबर वाटला की मी मुद्दाम दुसरा निवडायचो, तरी तोही चुकायचा.

ठाण्याच्या क्लासमधले सर म्हणाले, वाचन वाढवा. मी वाढवलं. मोबाइलवर इंग्रजी लेख वाचून डोळे चुरचुरायला लागले. मार्क सातावरून आठावर गेले. आई माझ्यासमोर दूध ठेवून दबक्या पावलांनी जायची, बाबा त्यांच्या गवताच्या धंद्यातल्या लोकांना सांगायचे की पोरगा एमबीए करतोय, जणू मी वर्गात जाऊन बसलोच होतो. घरात टीव्हीचा आवाज माझ्यामुळे बंद झाला. आणि मी त्या शांततेत बसून चुकीचे पर्याय निवडत होतो.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तीही बी.कॉम. झालेली, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी. पण तिच्या बी.कॉम.नंतर घरात कुणी "आता पुढे काय" असं विचारलं नव्हतं. पेढे वाटले आणि पुढच्या महिन्यापासून ती दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये कामाला जायला लागली. फर्स्ट शिफ्ट. सकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची, दुपारी तीनच्या सुमाराला ती परत.

तिचं काम होतं रिटर्न्सच्या टेबलावर. लोक ऑनलाइन मागवलेला माल परत पाठवतात, तो आधी तिच्यासमोर यायचा. सोबत गिऱ्हाइकानं लिहिलेलं कारण असायचं, बहुतेक इंग्रजीत. ते वाचायचं, वस्तू उघडून बघायची आणि ठरवायचं की हा माल पुन्हा विकायला जाईल, कंपनीला परत जाईल की भंगारात. दिवसभर हेच. लिहिलेलं एक आणि घडलेलं भलतंच. रंग पसंत नाही म्हणून शेरवानी परत येई आणि तिच्या बाहीवर हळद. कुकर परत पाठवणारी बाई चार ओळी शिट्टीबद्दल लिही आणि पाचव्या ओळीत तिच्या सासूचं नाव निसटून जाई. ताई घरी येऊन हे सांगायची तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. ती मात्र त्या लोकांना हसत नसे. तिला कुकरवालीचं वाईट वाटायचं.

आम्ही दुपारी चारनंतर ओटीवर बसायचो. मी पुस्तक घेऊन आणि ती तांदूळ निवडत किंवा नुसतीच पाय पसरून. एक दिवस मी पुस्तक आपटलं. तिनं ते उचललं आणि उघडं होतं ते पान वाचायला लागली. बोट ओळीखाली फिरवत, ओठ हलवत, शाळेतल्या पोरीसारखी. कुठल्याशा परदेशी गावात जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांवरचा उतारा होता. लेखकाचा मुख्य हेतू कोणता, असा प्रश्न होता आणि मी "घड्याळदुरुस्तीच्या धंद्याचा इतिहास सांगणे" ह्यावर खूण केली होती.

"ह्यातले अर्धे शब्द मना ठाव न्हाय," ती म्हणाली. "पन ह्या मानसाला घड्यालाचा काय पडलेला न्हाय."

"मग कशाचं पडलंय?"

"ह्याला बाप आठवतोय. सरल बोलायला लाजतोय, म्हनून घड्यालाचा लिवतोय."

मी म्हटलं, बापाचं नाव एकदाच आलंय, तेही मधेच कुठेतरी. "तेच तर," ती म्हणाली, "मधीच कशाला आला असता?" मी मोबाइलवर उत्तर काढलं. हरवलेल्या नात्याबद्दलची हळहळ व्यक्त करणे. तिचं बरोबर होतं.

त्या दिवसापासून ती माझी शिकवणी झाली. क्लासच्या सरांनी जे सहा महिन्यांत सांगितलं नव्हतं ते तिनं आठवड्यात सांगितलं. उतारा हातात आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "सांग, ह्यो कोनावर चिडलाय?" दुसरा प्रश्न, "आनि सांगायला कुठं कचरतोय?" तेवढं सापडलं की ती पर्याय वाचायची आणि "ह्यो जास्तीच बोलतो," "ह्यो भित्रा हाय," असं म्हणत एकेक पर्याय बाजूला सारायची, जशी टेबलावर माल बाजूला सारत असेल. कुठला शब्द अडला तर मी सांगायचो. तेवढाच माझा उपयोग. माझे मार्क आठावरून अकरा झाले, मग तेरा. मी खूश होतो. तिचे किती बरोबर येतात ते आम्ही कधी मोजलं नव्हतं, कारण परीक्षा माझी होती.

फॉर्म भरायची मुदत संपायला आठवडा उरला असताना ती म्हणाली, "अरे, मी बी भरू काय?"

मी हसलो. ती हसली नाही. "खरंच इचारतेय. मना आवडतंय हे. पन उगाच हौस नको. तू इंग्रजीचा एक सगला पेपर मना दे, मी घड्याल लावून सोडवतें. तू तपास. बरे मार्क आले तर भरतें. बाबांना मी सांगन काय ते."

बाबांना सांगणं सोपं नव्हतं. टेमघरच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणा झाली होती आणि बाबा एका पायावर तयार होते. तरी ती म्हणाली की मी सांगेन. ती नुसतं बोलायची नाही, हे मला माहीत होतं. स्वतःच्या बी.कॉम.ची फी भरायलाही तिनंच त्यांना असंच तयार केलं होतं.

रविवारी दुपारी तिनं पेपर सोडवला. मी मोबाइलवर वेळ लावून समोर बसलो. वेळ संपायच्या आधीच तिचं झालं. उत्तरं तिनं गोडाऊनमधून आणलेल्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर लिहिली होती, एकाखाली एक, वळणदार आकड्यांत. बरोबर उत्तरांची यादी माझ्या मोबाइलवर होती. तिच्यासमोर तपासायला मला कसंतरी वाटलं म्हणून मी घराच्या मागे पेंढ्याच्या उडवीपाशी गेलो.

एकवीस. चोवीसातले एकवीस. मी पुन्हा मोजले. मग मी दुसऱ्याच पेपरची उत्तरं उघडली आहेत का ते बघितलं. पेपर तोच होता. हाच पेपर मी आदल्या आठवड्यात सोडवला होता आणि मला तेरा मिळाले होते, आणि त्या तेरावर मी दोन दिवस हवेत होतो.

मला काय वाटलं ते सांगतो, सारवासारव न करता सांगतो. मला आनंद झाला नाही. पोटात दुखलं. एक सेकंद अभिमानासारखं काहीतरी आलं आणि गेलं, आणि उरला तो नुसता राग. दीड वर्षं घरातला टीव्ही माझ्यासाठी बंद होता, आई दबक्या पावलांनी माझ्यासाठी चालत होती, बाबा चारचौघांत माझं नाव घेत होते. आणि ही शिफ्ट करून, तांदूळ निवडत, अर्धे शब्द माहीत नसताना एकवीस आणते. दोघांनी फॉर्म भरले आणि निकाल लागला तर गावात माझं काय होईल ते मला त्या उडवीपाशी उभ्या उभ्या दिसलं.

मी ओटीवर आलो. ती ओढणीला हात पुसत उभीच होती.

"दहा," मी म्हणालो.

"दहाच?"

"दहा."

तिनं माझ्या हातातल्या पावतीकडे बघितलं. मग म्हणाली, "तो तिसरा उतारा मना समजलाय असा वाटला व्हता."

"तसं वाटतंच," मी म्हणालो. "फसवे पर्याय असतात. सगळ्यांना वाटतं आपलं बरोबर आहे."

हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. दहा म्हणून झालं होतं, काम झालं होतं. तरी मी ते बोललो, आणि क्लासच्या सरांच्या आवाजात बोललो.

"बरा झाला इचारला," ती म्हणाली. "न्हायतर उगाच बाबांशी भांडले असते." आणि ती वाळलेले कपडे काढायला गेली. पावती माझ्या हातातच होती. ती मी चुलीत टाकली. तिचे तीन प्रश्न कुठले चुकले होते ते मात्र मला आजही सांगता येईल.

ती त्यानंतरही माझ्याबरोबर बसायची. पण आता ती उत्तर सांगायची नाही, विचारायची. "हा असंल काय? मना न्हाय ठाव, तूच बघ." एखादा पर्याय बाजूला सारताना तिचा हात अडखळायचा. मी म्हणायचो, तुला काय वाटतं ते सांग ना. ती म्हणायची, "माझ्या वाटन्याचा काय." मला तिची मदत तर हवी होती आणि तिचा स्वतःवरचा भरवसा मीच मोडला होता, आणि वर मी तिच्यावरच चिडायचो. महिन्याभरानं ती पुस्तक हातात घेईनाशी झाली. त्याच सुमाराला टेमघरचं पक्कं झालं.

माझी परीक्षा झाली. व्हर्बलमध्ये मला सगळ्यात चांगले मार्क पडले. पेपरात एक उतारा होता, कुठल्याशा देशातल्या मिठागरांबद्दल, आणि मी पहिल्यांदा मनात विचारलं, हा कोणावर चिडलाय. सापडलं. पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. नाक्यावर माझा फ्लेक्स लागला, हार्दिक अभिनंदन, वर पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो आणि मधे मी. फ्लेक्ससाठी माझा फोटो ताईनं निवडला होता. टाय लावलेला नको, हसतानाचा घ्या, असं तिनं त्या बॅनरवाल्याला फोन करून सांगितलं. महिन्याभरानं तो फ्लेक्स उतरला आणि त्याच बांबूंवर तिच्या हळदीचा लागला.

हळदीला रात्रभर नाच-गाणी असतात आमच्याकडे. त्याआधी संध्याकाळी म्हाताऱ्या बायका तिच्याभोवती बसून धवले म्हणत होत्या, पोर परक्या घरी चालली असली गाणी. सगळ्या रडत होत्या. मीही रडलो. आत्या मला जवळ घेऊन म्हणाली, किती रे जीव बहिणीवर.

त्यानंतरची वर्षं मी स्वतःची समजूत घालत काढली. तिचं लग्न तसंही ठरतच होतं. बाबा तयार झालेच नसते. गणितात ती अडकली असती. भावोजी माणूस चांगला, टेम्पोचा धंदा बरा चाललेला, सासरी तिला नोकरी सोडायला कुणी सांगितलं नाही. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती हसतेच आहे. मला ठाण्यात नोकरी लागली, तिथे मी दिवसभर लोकांचे इंग्रजी रिपोर्ट वाचून त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते वरच्यांना सांगतो. त्यात मी हुशार समजला जातो.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. मी टेमघरला तिच्याकडे जेवायला गेलो होतो. ती आत स्वयंपाकघरात, मी आणि भावोजी बाहेर. भावोजी बोलता बोलता हसत म्हणाले, "तुमची बहीन येडी हाय बगा. तिचे मॅनेजर साहेब तिला ऑफिसात घेत व्हते. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना जबाब लिवायचा, एसीत बसायचा, हाताखाली चार पोरी. तीनदा इचारला त्यांनी. ही न्हाय म्हनली."

"का?"

"इंग्रजी कच्चा हाय म्हनते. मी बोललो, अगं, येवडी वर्षं तेच तर वाचतंस. तर म्हनते, तुमाला न्हाय ठाव, माझा कच्चाच हाय. मग दिला त्यांनी दुसरीला. हिनंच कामाला शिकवलेली पोरगी ती." मग त्यांना फोन आला आणि ते टेम्पोकडे गेले.

मी तिथेच बसलो होतो. इतकी वर्षं मी तिचं नुकसान मोजत होतो ते एका फॉर्मचं. एक फॉर्म राहिला, एवढंच. ती माझे दहा मार्क घेऊन रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उठलो आणि आत गेलो.

ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. शेगडीवर सुकटीचं कालवण. तिनं मान वर न करता विचारलं, "भूक लागली काय? झालाच."

मी म्हणालो, "ताई, तू तो पेपर सोडवला होतास ना, ओटीवर. तुला दहा नव्हते मिळाले."

"कुठला पेपर?" म्हणाली, पण हात थांबले. तिला आठवत होतं.

"मी खोटं बोललो. मला सहन झालं नाही. म्हणून खोटं बोललो."

तव्यावरची भाकरी फुगली होती. तिनं ती उलथली, गॅस बारीक केला.

"किती व्हते?"

"एकवीस."

"चोवीसातले?"

"हो."

"तुझे किती व्हते त्याच्यात?"

"तेरा."

मला वाटलं ती ओरडेल. मला ते हवंही होतं. दोन शिव्या खाव्यात, रडावं, तिनं पाठीत धपाटा घालावा आणि भावोजी यायच्या आत सगळं मिटावं, इतका मी त्या क्षणीही स्वतःचाच विचार करत होतो. ती परातीतल्या पिठाकडे बघत राहिली. ओठ हलत होते, वाचताना हलायचे तसे.

"म्हंजे मना येत व्हता," ती म्हणाली.

"हो ताई."

"सगली वर्षं येत व्हता."

मी माफ कर म्हणालो. पुन्हा म्हणालो. मॅनेजरला मी भेटतो, त्याला मी सांगतो, अजून काहीतरी होईल, असं भरभर बोलत सुटलो. तिनं माझं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. तिनं भाकरी तव्यावरून काढली, ताट घेतलं, कालवण वाढलं, कांदा ठेवला आणि ते माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. मी बसलो. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"तीनदा आले व्हते साहेब माझ्या टेबलाशी," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा चिडले. बोलले, मॅडम, आपको किसने बोला इंग्लिश नहीं आता? मी बोललें, सर, माझ्या भावानं तपासलाय. तो एमबीए हाय, नि तो माझ्याशी खोटा न्हाय बोलत."